काढटाके मिस्त्री आणि नर्सबाईंची गाडी

माझ्या धाकट्या दिरांना सगळा गाव काढटाके मिस्त्री म्हणतो. हे आमचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता कुणाला आठवतही नाही. आमच्या घराखालीच त्यांचं गॅरेज आहे, तिथं येऊन पोस्टमनसुद्धा "काढटाके इथंच ना?" असं विचारतो आणि भावजी खुशाल "हो" म्हणतात.

नाव कशावरून पडलं ते सांगते. भावजींची विद्या एकच. जे त्रास देतं ते काढून टाकायचं. हॉर्न आपोआप वाजतो? काढून टाक. मागच्या सीटखाली काहीतरी खडखडतंय? ते हुडकायचं आणि काढून टाकायचं. ते कशासाठी बसवलं होतं ही चौकशी करत बसायला वेळ कुणाला आहे? आणि गंमत अशी की गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. माणसाला दुखणं बरं व्हायला हवं असतं असं थोडंच आहे! दुखायचं थांबलं की झालं.

घरातही तोच कारभार. दाराची घंटा कर्कश वाजते म्हणून ती काढली, तेव्हापासून पाहुणे रस्त्यावर उभे राहून आमच्या नावानं बोंबलतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं कुरकुरतात म्हणून दारं काढली, आता आमच्या बरण्या येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टकामका बघत बसतात. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला हळूच म्हणाली, "ताई, मी यांच्यापुढं खोकतसुद्धा नाही. न जाणो."

पण भावजींचा सगळ्यात आवडता बळी म्हणजे गाडीतला थर्मोस्टॅट. आता ही काय चीज आहे ते मला कुठं ठाऊक असणार, पण इतकी वर्षं गॅरेजच्या डोक्यावर संसार केला, कानावर पडून पडून कळलं. इंजिनातलं पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन येतं ना, त्या वाटेवर एक मुठीएवढं पितळी झाकण असतं. त्याला खाली स्प्रिंग. इंजिन गार आहे तोवर ते झाकण वाट अडवून बसतं, कारण इंजिनालाही सकाळी अंगात ऊब यावी लागते. नीट तापलं की झाकण आपलं आपण उघडतं आणि पाणी सोडतं. थोडक्यात, फाटकावरचा वॉचमन.

भावजींना वॉचमनचा भारी राग. "वहिनी, सगळी भानगड यानंच होते," ते मला सांगायचे. "हा बसला झोपून, दार उघडलंच नाही, की गाडी तापलीच म्हणून समजा. त्यापेक्षा वॉचमनच नको. दार उघडंच ठेवा ना!" तापलेली गाडी आली की भावजी दोन बोल्ट सोडायचे, झाकण काढायचे, बोल्ट परत आवळायचे. उष्णतेचा काटा झटक्यात खाली. गिऱ्हाईक हात जोडायचं. मग ती गाडी पेट्रोल जास्त का पिते, थंडीत खोकत का उठते, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. गाड्याही म्हाताऱ्या होतात, असं म्हणून लोक गप्प बसायचे.

पुढं माझा पुतण्या, भावजींचा मुलगा, हाताशी आला. शिकून आलेला, गाडीला वायर जोडून पडद्यावर रोग वाचणारा. त्यानं गॅरेज ताब्यात घेतलं आणि बापलेकांची रोजची खडाजंगी सुरू झाली. बाप म्हणायचा, "तुझ्या टीव्हीला विचार, पाना कसा धरायचा." लेक म्हणायचा, "तुमच्या पान्याला विचारा, आवळायचं कसं. सोडायचं तेवढं येतं त्याला."

शेवटी एका जेवणात पुतण्यानं हात धुता धुता निकाल दिला. आवाज चढवला नाही, म्हणूनच आम्हाला जास्त धडकी भरली. "बाबा, तुम्ही हात लावलेली आणखी एक जरी गाडी परत आली, तर पाने खुंटीला. मग तुम्ही वर बसायचं, आरामात."

भावजींच्या ताटातलं तसंच राहिलं. ज्या माणसाला रविवारी गॅरेज बंद असलं तरी बंद दाराशी स्टूल टाकून बसल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला वर बसवायचं म्हणजे मासळीला मांडीवर घेऊन थोपटणं. ती झोपेल, पण कायमची.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ कपडे वाळत घालताना माझ्याजवळ सरकली. "ताई, वर म्हणजे कुठं हो?"

"वर म्हणजे घरात. तुझ्याजवळ."

"दिवसभर?"

"आणि काय अर्धा दिवस?"

तिनं ओला टॉवेल तसाच छातीशी धरला. "अहो, मग महिन्याभरात घराला छप्पर तरी राहील का?"

तेव्हापासून ती रोज सकाळी देवापुढं दिवा लावून नवऱ्याच्या नोकरीसाठी साकडं घालू लागली. बायको पतिव्रता असावी तर अशी.

आणि कडाक्याच्या थंडीत एका सकाळी नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या. उंच, तोंडाच्या फटकळ, रात्रपाळी करून लाल झालेले डोळे. गाडीचा पुढचा दिवा फुटलेला, बंपर तिरका. उतरल्या त्या बोलतच उतरल्या.

"मिस्त्री कुठायत? हीटर लावला तर आतून गार वारा येतो. पुढच्या काचेवरचं धुकं जातच नाही. एका हातानं काच पुसायची, एका हातानं गाडी हाकायची. आज पुसता पुसता हॉस्पिटलच्या फाटकावर गेले. नशीब, फाटकच होतं. तिथं एखादा माणूस असता तर?"

पुतण्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाला हात लावला. "बाई, एवढ्या लांबून आलात आणि इंजिन कोमट! हे ऊबच धरत नाही." त्यानं थोडं कूलंट, म्हणजे ते रंगीत पाणी, भांड्यात काढून घेतलं, पाइप सोडला, दोन बोल्ट काढले आणि आत डोकावला. मग मान वर न करताच विचारलं, "बाबा, हितला थर्मोस्टॅट कुठाय?"

मी जिन्यात उभी होते. भावजी पलीकडं चाकाची हवा बघत होते, हवा भरलेल्याच चाकाची.

"असेल की."

"नाही ना."

"मग नसेल. ही गाडी तापायची तेव्हा. तो मेला होता, म्हणून काढला."

"मेला होता हे कशावरून? तपासला होता?"

"मेलेल्याला काय तपासायचं?"

नर्सबाई मधेच म्हणाल्या, "आमच्याकडं तपासतात हो. आधी तपासतात, मगच पांढरी चादर घालतात."

पुतण्यानं हात पुसले. "ठीक. तो खरंच खराब असेल तर काढला ते बरोबर, नवीन बसवू, विषय संपला. पण चांगला असेल तर बाबा, आपलं ठरलंय."

भावजींनी गाड्यांतून काढलं ते सगळं, पण फेकलं काही नाही. बाकाखालून त्यांनी पत्र्याचा मोठा डबा ओढला. आत नुसते थर्मोस्टॅट. मोठे, छोटे, गंजलेले, चकचकीत. पुतण्या बघतच राहिला. आपला बाप सगळ्या गावाचे वॉचमन बडतर्फ करून बसलाय हे त्याला ऐकून माहीत होतं, पण एवढी हजेरी लागलेली पाहिली नव्हती. भावजी एकेक उचलून बाजूला ठेवत होते. "हा पिठाच्या गिरणीवाल्याच्या टेम्पोचा. हा हेडमास्तरांचा. हा शिंप्याच्या जावयाचा... हा घे. बाईंचा. याच्या काठाला चुना लागलाय बघ, बाई नळाचं पाणी घालायच्या."

"मग काय गुलाबपाणी घालायचं?" बाई म्हणाल्या.

तपासायची रीत सोपी होती, पण त्याला चूल लागते, म्हणून वरात माझ्या स्वयंपाकघरात आली. पुतण्यानं दुधाचं पातेलं मागितलं. मी म्हटलं, "त्यात पुन्हा दूध तापवायचं नाही मग." त्यानं मला नवीन आणून द्यायचं कबूल केलं. पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवलं, त्याला दोऱ्यानं थर्मोस्टॅट टांगला, असा की तळाला टेकणार नाही. टेकला तर पातेल्याची ऊब लागेल, पाण्याची नाही. पाण्यात तापमान मोजायची एक दांडी सोडली, तिच्या डोक्यावर आकडे उमटत होते.

"काठावर ब्याऐंशी कोरलंय," पुतण्या म्हणाला. "त्याच्या आसपास उघडायला पाहिजे. पाणी उकळलं तरी उघडला नाही तर मेलेला."

एवढ्यात खालून कुणीतरी हाका मारायला लागलं. घंटा नाही ना! पुतण्या "बघत राहा" म्हणून खाली गेला. नर्सबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या जागी झोपी गेल्या. राहिलो आम्ही तिघं आणि ते पातेलं.

अशी मजा मी आयुष्यात पाहिली नाही. बाजारातून वस्तू आणली की ती चांगली निघावी म्हणून माणूस जीव टाकतो. इथं ती खराब निघावी म्हणून भावजी ओठ आवळून उभे, आणि धाकटी पदराचं टोक धरून पुटपुटतेय, "उघडू नको रे बाबा, उघडू नको." पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. आकडा सरकू लागला. झाकण घट्ट मिटलेलं. ऐंशी झाले. मिटलेलं. धाकटीच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली.

मग झाकणाच्या कडेला केसाएवढी फट पडली. रुसून बसलेली सून सासूशी बोलायला लागावी तशी, आधी जरा, मग आणखी जरा, आणि मग सगळंच मोकळं. स्प्रिंग दबली, झाकण चांगलं करंगळीच्या जाडीइतकं उचललं गेलं.

भावजींनी उलथनं उचललं, थर्मोस्टॅट गार पाण्यात धरला. तो मिटला. पुन्हा पातेल्यात सोडला. पुन्हा उघडला. इतका शहाणा, की राग यावा.

धाकटीनं झटकन गॅस बंद केला. कुजबुजत म्हणाली, "अहो, कुणी बघितलं नाही. बाई झोपल्यात. उघडलाच नाही म्हणून सांगा. ताई काय आपल्या बाहेरच्या आहेत?"

मी पातेल्याकडं बघत राहिले. खोटं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं गप्प बसायला सांगितलं होतं, आणि ते मला सासूबाईंनी चांगलं शिकवलं होतं.

भावजींनी धाकटीकडं पाहिलं. मान हलवली, हो म्हटल्यासारखी. ओला थर्मोस्टॅट हातरुमालात गुंडाळला. दोन पावलं दाराकडं टाकली आणि थांबले. कपाळाला आठ्या. रुमाल उघडून त्या पितळेकडं पुन्हा पाहिलं, अगदी पहिल्यांदा पाहिल्यासारखं. आणि एकदम जिन्यात जाऊन गरजले,

"अरे, हा तर चांगलाय! मग गाडी तापत कशानं होती?"

धाकटीनं कपाळावर हात मारला. नर्सबाई दचकून जाग्या झाल्या, "कोण गेलं?" म्हणाल्या. लोक याला नंतर प्रामाणिकपणा म्हणाले. मी तिथं होते, म्हणून सांगते, तो प्रामाणिकपणा नव्हता. मिस्त्रीपणा होता. डोक्यात कोडं शिरलं, आणि आपली गच्छंती होणार आहे हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं.

खाली पुतण्यानं आरोळी ऐकली. "बघू आधी गाडीचं," एवढंच म्हणाला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम हातात घेऊन होता, म्हणून भावजीच बसवायला वाकले. बोल्टाच्या जागेवरचं जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवीन लावलं. मग थर्मोस्टॅट हातात धरून एकदा असा फिरवला, एकदा तसा.

"काय झालं?" पुतण्या.

"स्प्रिंग कुठल्या बाजूला येते रे? इंजिनाकडं का पाइपाकडं?"

बाहेर थांबलेला रिक्षावालासुद्धा आत बघायला लागला.

"बाबा, एवढे काढलेत तुम्ही!"

"काढलेत. बसवला कुठं एकतरी?"

"इंजिनाकडं," पुतण्या म्हणाला. त्याला हसू आवरेना आणि राग सोडवेना, तोंड नुसतं वाकडं झालं.

बसवून झालं. कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, आतली हवा बुडबुड करत बाहेर आली, आणखी थोडं भरलं, झाकण लावलं. काटा उठला. किती तरी दिवसांनी तो काटा जाग्यावरून हलला असेल. मधोमध आला. नर्सबाई आत बसल्या होत्या, त्यांनी हीटरपुढं तळवे धरले आणि डोळे मिटले.

पण काटा मधोमध थांबेना. वर चढायला लागला.

"पंखा!" पुतण्या ओरडला. "रेडिएटरचा पंखा फिरत नाही. बंद करा, बाई, बंद करा!"

इंजिन बंद झालं. पुतण्यानं टॉर्च घेऊन रेडिएटरमागं डोकं खुपसलं. "तार सुटलीय. सुटली नाही, काढलीय. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलीय कुणीतरी, व्यवस्थित."

भावजी खाली बसले. स्टूल होतं तिथं, पण ते जमिनीवरच बसले. "थांब. थांब जरा. बाईंनी एकदा तक्रार केली होती, पुढून घर्र घर्र वाजतं म्हणून. तो पंखा होता. कव्हराला घासत होता. मी तार काढली."

"मग आवाज गेला," पुतण्या म्हणाला.

"गेला ना. मग गाडी तापायला लागली. मग बाई परत आल्या. मग मी..."

"थर्मोस्टॅट काढलात."

"मग तापायची थांबली," भावजी म्हणाले. पण या वेळी त्या वाक्यात नेहमीचा रुबाब नव्हता.

"आणि मग माझी काच धुरकटायला लागली," नर्सबाई खिडकीतून म्हणाल्या, "आणि मी जाऊन फाटक काढून टाकलं. मिस्त्री, मी तुमचीच चेली की हो!"

"पण बाई," पुतण्याला शंका आली, "तेव्हा गाडी तापत होती तर लाल दिवा लागला असेल की. तुम्ही तशीच चालवत राहिलात?"

"कसला लाल दिवा?"

पुतण्यानं हळूच बापाकडं मान वळवली.

"तो सारखाच लागायचा रे," भावजी जमिनीकडं बघत म्हणाले. "बाई घाबरायच्या."

पुतण्यानं पाना बाकावर ठेवला. "बाबा, तुम्ही वर जा." हे अगदी प्रेमानं म्हणाला. जिन्याच्या वरच्या पायरीवर धाकटी उभी होती, तिनं खांब धरला. भावजी उठले, कपडे झटकले, खिशातली पान्यांची जुडी काढून लेकाच्या पुढ्यात ठेवली. या माणसाला निघताना काहीच काढायला उरलं नाही, तेव्हा स्वतःलाच काढायची पाळी आली.

"एक मिनिट," नर्सबाई गाडीतून उतरल्या. "यांना कुठं पाठवताय?"

"घरी, बाई. तुमच्याच भल्यासाठी."

"आणि माझ्या गाडीतून आणखी काय काय काढलंय, ते कोण सांगणार? तुमचा तो पडदा?"

पुतण्यानं पडद्याकडं नजर टाकली. पडद्यावर बिघाड दिसतो. जे मुळात गाडीतच नाही ते कसं दिसणार?

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "खरं सांगा. आणखी काय?"

भावजी दाराशीच थांबून, बोटांवर न मोजता, सगळं सांगायला लागले. मागच्या डाव्या दारातली एक रबरी पट्टी. बॉनेटखालचा जाड पत्रा, तो थरथरायचा. डिकीतला एक हूक, त्याचं काय काम होतं ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं. "सगळं डब्यात आहे, बाई. कुणाचं काय, सगळं ध्यानात आहे."

"मग माझ्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," नर्सबाई म्हणाल्या. "ज्यानं काढलंय त्यानंच बसवायचं. आमच्याकडं ऑपरेशननंतर कात्र्या मोजतात. इथं मोजणारा माणूसच तुम्ही घरी बसवताय?"

पुतण्यानं गॅरेजात उभ्या असलेल्या गाड्यांवर नजर फिरवली. हेडमास्तरांची, गिरणीवाल्याचा टेम्पो, बाहेर रिक्षा. रिक्षावाला हळूच म्हणाला, "मिस्त्री, माझ्यातलं काय काढलंय हो?" भावजींनी सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "तरीच!"

त्यानंतर पुतण्यानं वर बसायचा विषय काढला नाही. काढणार कसा? बातमी गावभर झाली, आणि भावजींच्या नावाची छीथू व्हायच्या ऐवजी गॅरेजपुढं रांग लागली. आपल्या गाडीतलं काय गेलंय हे ऐकायला लोक येऊ लागले, जसे काही पत्रिकाच दाखवायला येतात. भावजी स्टुलावर बसून गाडीभोवती नजर फिरवतात, डोळे मिटतात आणि सांगतात. पुतण्या लिहून घ्यायला गेला तर म्हणाले, "लिहू नको. लिहून दिलं की तू मला वर पाठवशील." इतका धोरणी माणूस इतकी वर्षं आमच्या घरात आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ज्यानं आयुष्यभर नीट काम केलं असतं, त्याला लेकानं हार घालून केव्हाच घरी बसवलं असतं. यांचा घोळ एवढा मोठा, की यांच्याशिवाय निस्तरताच येत नाही. धाकटीनं देवाला बोललेला नवस फेडला, आणि फेडताना त्याला बजावलं म्हणे, की दिलंस ते काढून घेऊ नकोस.

मध्यंतरी भावजींना सणकून ताप आला. अंथरुणावर निपचित पडले होते, नर्सबाई येऊन सुई टोचून गेल्या. धाकटी डोक्यावर पट्ट्या ठेवत होती. तेवढ्यात पुतण्या तेलकट हातानं वर आला, उंबऱ्यात उभा राहिला आणि खाकरला.

"बाबा, झोपलात का? शिंप्याच्या जावयाची गाडी आलीय. ब्रेक मारला की उजवीकडं ओढते."

भावजींनी डोळे उघडले नाहीत. "उजवीकडंच ओढणार," म्हणाले. "डावीकडचा मी काढलाय."

"ब्रेक?"

"चुंईं चुंईं वाजायचा."

पुतण्या जिन्यावरून धावत खाली गेला. धाकटीनं पट्टी पिळून पुन्हा कपाळावर ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, यांना जरा चांगलं खायला-प्यायला घालू या हं. अजून पुष्कळ गाड्या राहिल्यात."